दुसऱ्या फेरीचं वळण

नाही, नाही बाईसाहेब, ते कागद आधी पिशवीत घाला — हा तबेला आहे, कचेरी नाही — आणि त्या बादलीपासून जरा लांब उभ्या राहा, बूट भिजतील. काय म्हणालात? दुसरा भाग? अहो, पहिल्याच भागाचं अजून आम्ही निस्तरतोय, आणि तुमची कंपनी दुसरा काढायला निघाली! परत तोच हेर, परत तीच छपरं, परत खाली आमची पेठापेठांची घोड्यांची शर्यत — आणि त्यासाठी गळ कोणाला घालायची? तर या म्हाताऱ्या दुइलिओला. पेठेच्या कप्तानांनी नाही म्हटलं असणार, म्हणून मोतद्दाराकडे आलात — म्हटलं असणारच, मला काय माहीत नाही होय! मोतद्दाराला विचारून काय होणार? बावीस वर्षं या पेठेचे घोडे सांभाळतोय. घोडा कधी पाणी प्यायला, कधी लीद टाकली, कुठल्या कुशीवर झोपला, एवढं मला विचारा. सिनेमातलं मला काही कळत नाही. तुमचा तो सिनेमा मी पाहिलासुद्धा नाही. बघणारही नाही.

तुम्ही तेव्हा नव्हतात ना कंपनीत? वाटलंच. तुमचा तो दिग्दर्शक — पांढऱ्या टोपीवाला — शर्यतीच्या दिवशी, ऐन संध्याकाळी, दहा घोडे दोराशी येऊन उभे, चौकात मुंगी शिरायला जागा नाही, सगळ्या सिएना शहराचा जीव टांगणीला लागलेला — आणि हा माणूस आमच्या कप्तानांना काय विचारतो? म्हणे, दहा मिनिटं उशिरा सोडता येतील का घोडे? ऊन तेव्हा जास्त छान पडेल! ऊन! कप्तान लापोंनी त्याच्याकडे पाठ फिरवली. मी म्हटलं, साहेब, ती घंटा वाजतेय ना मनोऱ्यावर, तिलाच विचारा. आणि शर्यत संपल्यावर — आम्ही इथे रडतोय, बायका ऊर बडवताहेत, दोन माणसं मारामारीत रक्तबंबाळ — तर याचा माणूस धावत येतो आणि म्हणतो, परत एकदा धावतील का? फक्त वळणापुरतं? परत एकदा! बाई, लग्नाच्या दिवशी नवरी पळून गेली तर तिला कोणी म्हणतं का, बाळ, जरा परत पळ, नीट दिसलं नाही?

हसू नका. तुम्हाला हसू येतं, आमच्या पेठेने सव्वीस वर्षं जिंकल्याचं रेशमी निशाण घरी आणलेलं नाही. माझ्या आईने शेवटचं पाहिलं, मग डोळे मिटले. घोडा काही आपण निवडत नाही — चिठ्ठीत येईल तो आपला — आणि आमच्या वाट्याला कायम मरतुकडी घोडी. त्या वर्षी चिठ्ठी उघडली आणि झागारा! तांबूस, पुढचा एक पाय पांढरा, छाती अशी — अख्खा चौक ओरडला, आणि समोरच्या पेठेची तोंडं काळी पडली. त्या पेठेचं नाव नाही घेत मी, तबेल्यात तर नाहीच. चार दिवस मी तिच्याशेजारी गवतावर झोपलो. देवळात नेली, पाद्रींनी पाणी शिंपडलं, जा आणि जिंकून ये म्हणाले — आणि ती मान हलवून फुरफुरली, जशी काही हो म्हणतेय. आणि स्वार कोण? बाकिझिओ. बेटावरचा, सार्दिनियाचा. बारीक, टोकदार, म्हणून आम्ही त्याला दाभण म्हणायचो. बिनखोगिराची घोडी आणि हा तिच्या पाठीवर असा बसायचा की वाटावं, तिथेच उगवलाय.

तीन फेऱ्या असतात. पहिली फेरी आम्ही पुढे. दुसरी सुरू झाली, आम्ही पुढे. आणि दुसऱ्या फेरीला त्या सान मार्तिनोच्या वळणावर — तुम्ही पाहिलंय ना ते, भिंतीला गाद्या लावतात, उतार एकदम खाली खेचतो — तिथे झागारा उजवीकडे आत घुसली. एकदम. कारण नाही, काही नाही. दाभणचा गुडघा दगडी खुंटावर आपटला, तो खाली, मागून चार घोडे त्याच्यावरून. ती तशीच धावत राहिली — रिकाम्या पाठीने — आमच्यात तेही चालतं, घोडा पोचला म्हणजे झालं — रिकाम्या पाठीने पुढेच होती हो! शेवटच्या वीस हातांवर त्यांच्या घोड्याने तिला गाठलं. त्यांच्या! एक मुंडकं, बस्स. शेवटचा आला तर लोक विसरतात. दुसरा आला की मेला.

आणि तुम्ही लोकांनी काय केलं? सिनेमात तिला जिंकवलं! कोणी कापाकापी केली तुमच्यात — त्याला काय पडलंय कोण जिंकलं त्याचं, त्याला सगळे घोडे सारखेच दिसले असतील उन्हात — झागाराचं तोंड पुढे, निशाण हललं, बायका नाचल्या, संपलं. सगळ्या जगाने आम्हाला जिंकताना पाहिलं. तुम्हाला वाटतं आम्हाला आनंद झाला? समोरच्या पेठेने सिनेमाच्या तिकिटाचा कागद मोठा करून, काळी फीत लावून, आमच्या कारंज्यावर टांगला. खाली लिहिलं — पडद्यावरच्या विजेत्यांना भावपूर्ण श्रद्धांजली! अजून मी रस्त्याने गेलो की मागून कोणीतरी म्हणतंच, दुइलिओ, पुढचा खेळ किती वाजता? आणि गंमत बघा, इतकं करून शेवट तरी नीट दाखवावा — तो तुमचा हेर छपरावरून उडी मारतो, कौल निसटतं, मग खाली वळण येतं, मग त्या चोराचा चेहरा, परत वळण, त्यात वरच्या बाजूला डावीकडे —

काय? नाही, नाही पाहिला म्हणालो मी. लोक सांगतात ना. बरं — पाहिला. एकदा. इथे नाही, शेजारच्या गावात जाऊन, टोपी घालून. असं काय बघताय? दोनदा असेल. अकरा, बाई, अकरा वेळा पाहिला. थेटरातला तिकीटवाला मला विचारायला लागला, आजोबा, नायिका आवडली का? मी म्हटलं, हो. काय सांगणार त्याला?

वरच्या बाजूला डावीकडे एक खिडकी दिसते. डोळा मिटेस्तोवर जाते. सातव्या वेळेला मला सापडली. तिसरा मजला, हिरवी झडप. तिथे काहीतरी लखकन चमकतं — आणि त्याच क्षणी झागाराचे कान मागे जातात. आधी चमक, मग कान, मग उजवीकडे उडी. कोणी बघितलेलं नाही. सगळे हेराकडे बघतात.

कोणाची खिडकी? असेल कोणाची तरी. तिथे कॅमेरा ठेवायचा नाही असं ठरलं होतं, कागदावर होतं, नगरपालिकेने — माझ्या बहिणीची. एर्सिलियाची. ती तेव्हा इस्पितळात होती, किल्ली माझ्याकडे. तुमचा तो कॅमेरावाला, रुपर्ट, मोठा गोड माणूस, रोज इथे दाराशी उभा राहायचा, घोडीला गाजरं आणायचा. मी हाकलायचो, परत यायचा. म्हणाला, दुइलिओ, त्या एका खिडकीतून जे दिसेल ते कुठूनच दिसणार नाही. मी म्हटलं, नाही. म्हणाला, तुमचा चेहरा घेतो मी सिनेमात. मोठा. अख्ख्या पडद्यावर. घोडीला देवळातून नेताना. बाई, बावीस वर्षं मी घोडे नेतोय. फोटो निघतात ते घोड्यांचे आणि स्वारांचे. माझी बायको म्हणायची, तुझा एकही फोटो नाही ज्यात घोड्याने तुझं तोंड झाकलेलं नाही. मी म्हटलं, दिवे नकोत. तो म्हणाला, आईशपथ दिवे नाहीत. शर्यतीच्या दिवशी मी किल्ली दिली त्याला. दिवा नव्हताच. पत्रा होता. तो चंदेरी, तुम्ही लोक ऊन पाडायला धरता ना, तो. त्या वेळी वरच्या मजल्यांवर ऊन असतं. कोणीतरी वळवला असेल. मुद्दाम नाही, मुद्दाम कशाला कोण करेल...

आणि मला माहीत होतं. हे सांगायचं नव्हतं मला तुम्हाला. घोडी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी कळलं होतं — मी बादली ठेवली, पाण्याची चमक भिंतीवर नाचली, आणि घोडी पलीकडे अशी झेपावली की मी चेंगरता चेंगरता वाचलो. मी दाभणला सांगितलंसुद्धा, चकाकलं काही की ही उलट्या बाजूला पळते, सांभाळ. तो म्हणाला, चौकात काय चकाकणार आहे? मी हसलो. किल्ली माझ्या खिशात होती.

माझा चेहरा? घेतला ना. पडद्यावर माझी तीन बोटं आहेत. लगाम धरलेली. बाकीचा मी त्यांनी कापून टाकला.

दाभणचं काय झालं म्हणजे? गुडघा गेला त्याचा. पण ते सोडा, शर्यतीत हाडं मोडतातच. पेठेतले लोक म्हणाले, विकला गेला. समोरच्यांकडून पैसे घेतले आणि मुद्दाम आत घातली घोडी. शिस्तीत पुढे असलेली घोडी अशी उगाच वळते का? माझ्यादेखत म्हणाले, आमच्याच जेवणाच्या टेबलावर, आणि मी सूप पीत होतो. इस्पितळात त्याला बघायला कोणी गेलं नाही. मी गेलो. पाय असा टांगलेला. बाकी काही नाही विचारलं त्याने. एवढंच म्हणाला — दुइलिओ, तिला काय दिसलं रे? मी म्हटलं, मला कसं ठाऊक, गड्या. घोडी ती. तो म्हणाला, तू होतास तिच्याबरोबर चार दिवस, तुला ठाऊक असणार. मी म्हटलं, नाही.

परत कोणी त्याला घोड्यावर बसवलं नाही. विकल्या गेलेल्याला कोण बसवतं? बेटावर गेला. काठी घेऊन मेंढ्यांमागे फिरतो म्हणे. धाकटा भाऊ पण स्वार होता, त्यालाही इथे कोणी घेत नाही — त्या घरातला म्हणून.

सांगा, आता मी सांगितलं तर काय होईल? मला हाकलतील. हाकलू देत. पण एर्सिलियाला या पेठेत राहायचंय, माझ्या नातीचं नाव यंदा पेठेच्या यादीत घातलंय... तीन वर्षं मी रोज ठरवतो, उद्या सांगतो. उद्या कप्तान खुशीत असतात, परवा कोणाचा तरी वाढदिवस असतो.

काय म्हणालात? सगळं आहे तुमच्याकडे? न कापलेलं? खिडकीतलंपण? पत्रा धरलेला माणूस दिसतो त्यात? तुम्ही पाहिलंय? आणि हे तुम्ही आत्ता सांगताय, मला सगळं बोलू देऊन! नाही, इथे नका दाखवू, बंद करा तो फोन, बंद करा. थांबा. पेन द्या. तुमच्याच कागदाच्या पाठीवर लिहितो, पुढे नाही, सही समजाल. बाकिझिओ — आडनाव नको, त्या गावात तो एकटाच लंगडतो — हे गाव. बसथांब्याजवळ खाटकाचं दुकान आहे, तिथे विचारा. ते खिडकीतलं त्याला पाठवा. आधी त्याला. पेठेला नको. त्याला वाटलं तर तो—

या, या कप्तान! काही नाही, घोड्यांचं पाणी बदलत होतो. या बाई? कोणी नाही हो, प्रवासी आहेत, देऊळ शोधताहेत. सिनेमाच्या? छे, सिनेमाच्या कशाला असतील. हातातला कागद? तो होय — रस्ता काढून दिलाय मी त्यांना, कागदावर. नका घेऊ कप्तान, माझं अक्षर तुम्हाला लागणार नाही. जा बाई तुम्ही. खालच्या अंगाने जा, उतार आहे, जपून. अहो, जा म्हणतोय ना — उभ्या काय राहिलात!