दादाचा खोटा फोटो

हसू येईल, पण आधी ऐका. आमच्या ताईचा पोरगा मन्या परदेशात डॉक्टरकी शिकते, अन् तिथंच लढाई पेटली. घरच्या ग्रुपवर अकोल्याचा आमचा मोठा भाऊ रोज व्हिडिओ टाकून सांगे, ‘त्या शहरात काहीच झालं नाही, समदा खोटा प्रचार हाय.’

एक दिवस मन्यानं होस्टेलातून फोटो पाठवला. कपाळाला पट्टी, मागं फुटलेली खिडकी.

दादानं लिहिलं, ‘जुना फोटो दिसते. कोनी पाठवाले लावला तुले?’

परतवाड्याहून ताईनं लिहिलं, ‘दादा, त्याच्या अंगातलं स्वेटर म्या यंदाच विणलं.’

‘मंग फोटो एआयचा असंन.’

ताईनं ग्रुपच सोडला. मी लगेच फोन लावला, तं ती रडून राहिली होती. म्हणे, ‘दादाचंच खरं असतं तं किती बरं झालं असतं रे!’