छातीची काळजी नाही!

...नाही हो, पळण्याचं दुःखच नाही मला! पळालो मी! सोळाशे मीटर, जीभ बाहेर, डोळे बाहेर, डाव्या बुटाचा तळ कुठेतरी मागेच राहिलेला, पण वेळेत पळालो! भरतीत नापास झालो कशात, तर ज्याची आमच्या घरात कुणाला फिकीरच नव्हती त्यात. छातीत! तुम्हाला सांगतो, सहा महिने रोज सकाळी आमचे बाबा म्हणायचे, "छातीची काळजी नाही!"

आता हे म्हणणारा माणूस कोण? चाळीस वर्षं मशीनवर बसलेला शिंपी! गळ्यात टेप, कानावर खडू, अख्ख्या गल्लीची पोटं तोंडपाठ. त्यांच्या मापावर शंका घेणार कोण? सैन्यभरतीच्या कागदात लिहिलेलं, छाती फुगवून बत्तीस इंच भरली पाहिजे. बाबांनी मला दुकानात उभं केलं, मागून टेप फिरवली, "घे श्वास!" घेतला. "तेहेतीस! छातीची काळजी नाही. राहिलं काय, पळणं. ते काय, कुत्रंसुद्धा पळतं!" बरोबर आहे, मी आयुष्यात एकदाच पळालो होतो आणि तेव्हाही पुढे मी होतो न् मागे कुत्रं.

आणि वर्ष शेवटचं, बरं का! पुढच्या वर्षी वय बाद. म्हणून बाबांनी मला शेजारच्या निवृत्त फौजीच्या ताब्यात दिलं. आम्ही त्यांना शिट्टीमामा म्हणतो, कारण तो माणूस बोलतो कमी आणि फुंकतो जास्त. पहिल्याच दिवशी मी मैदानाला अर्धी फेरी मारली आणि खांबाला मिठी मारून ओकलो. मामांनी शिट्टी काढली तोंडातून. "झालं? की अजून काही आहे पोटात?" तेवढ्यात काठी टेकत चालणारे एक आजोबा माझ्या शेजारून पुढे गेले... आणि जाताना म्हणाले काय, "डॉक्टरनं मलाही हळूच चालायला सांगितलंय!"

जोर काढायला लावले. एक काढला. दुसऱ्याला खाली गेलो तो तिथेच राहिलो, गार माती बरी वाटत होती हो गालाला! "जोर काढतोयस की जमिनीचा पापा घेतोयस?" मग आडव्या दांडीला लटकवलं. वर जाईना, खाली सोडवेना. मामा उन्हाकडे बघून म्हणतात, "राहू दे तसाच, वाळेल." घरी आलो की ताई जिन्याच्या वरच्या टोकाला उभी. मला पायऱ्या चढवत नव्हत्या, बसून एकेक चढायचो, तर ही वरून मोजायची! "चार... पाच... शाब्बास, शत्रू अजून दोनच मजले लांब आहे!" सख्खी बहीण, हं! आणि बाबा? दुकानात उभं करून मागून टेप. "तेहेतीस! छातीची काळजी नाही!"

खोटं कशाला बोलू, दिवसातलं तेवढंच एक सुख होतं. टेप लावताना बाबांची दोन बोटं पाठीच्या कण्याला लागायची. उबदार. जन्मात कधी पाठीवरून हात न फिरवलेला माणूस... मला वाटायचं, माया करतायत.

त्या बोटांच्या जिवावर सहा महिने पळालो. बाबांनी तर हिरवं कापड आणून माझ्या मापाची वर्दी शिवूनसुद्धा ठेवली. "निवड झाल्यावर धावपळ नको!"

भरतीचा दिवस. पळालो. लटकलो, वर गेलो, दहा वेळा! शिट्टीमामा कुंपणाबाहेर उभे होते, शिट्टी फुंकायची विसरले. राहिली छाती. तिची काय काळजी? मापवाल्या जवानानं टेप फिरवली, गार, घट्ट. मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, "साहेब, बोटं?" "कसली बोटं? श्वास घे!" घेतला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत घेतला हो. "साडेएकतीस. पुढचा!"

पुढचा! सहा महिन्यांचा हिशोब एका शब्दात!

घरी आलो. बाबा भडकले. "त्याची टेप खोटी! इकडे ये!" मागून टेप. "हे बघ, तेहेतीस!" आणि मी पहिल्यांदा मान वळवून दुकानातल्या मागच्या आरशात बघितलं... टेपच्या आत बाबांची दोन बोटं. चांगली उभी, जाडजूड, टेप आणि माझ्या पाठीच्या मध्ये! मी म्हटलं, "बाबा, ही बोटं?" तर ते माझ्याकडे बघतायत, जसा काही मीच मूर्ख! "अरे, बोटं नकोत? मग सदरा सैल कसा होणार?"

चाळीस वर्षांची सवय हो! हात आपोआप जातो. कुणावर ओरडू? रात्री जेवले नाहीत ते. ताईनं त्या दिवशी पायऱ्यासुद्धा मोजल्या नाहीत, आणि ती मोजत नाही म्हणजे समजायचं, खरंच वाटोळं झालंय.

आठवड्यानं बाबांनी त्या वर्दीची खांद्यावरची पट्टी उसवली, कापड निळं रंगवून आणलं आणि ओळखीनं मला इथे वॉचमन म्हणून चिकटवलं. म्हणून तर तुमच्या या दवाखान्याच्या दारात काठी घेऊन बसलोय. डॉक्टर अजून आले नाहीत, बसा निवांत. बाकी काही म्हणा, वर्दी मात्र अंगाला झकास बसलीय. श्वास घ्यायला चांगली ऐसपैस जागा आहे... दोन बोटं!