कचऱ्यात ठेवलेला आवाज

…आणि वर म्हणतो कसा, 'काका, सोपं आहे हो! नुसतं "पुढे" दाबत जायचं.' आता मला सांगा, आयुष्यात असं कुठलं काम आहे जे नुसतं पुढे पुढे दाबून झालंय? तुम्हाला सांगतो, या 'सोपं आहे'ची मला धास्तीच बसलीय. दाताचा डॉक्टर म्हणाला 'सोपं आहे', मी दोन तास खुर्चीत आ वासून पडलो होतो. कपाट जोडायला आलेला म्हणाला 'सोपं आहे', त्या कपाटाचं एक दार अजून गच्चीवर आहे. तरी माणूस शिकतो का? नाही शिकत.

तर झालं काय, आमच्या चौदा वर्षांच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरमधून आवाज यायला लागला. कट्… कट्… कट्. मला वाटलं टेबलामागे उंदीर आहे. बिस्कीट लावून सापळा ठेवला, दोन दिवस! बिस्कीट मुंग्यांनी नेलं. शेवटी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं, आम्ही त्याला डॉक्टरच म्हणतो. त्यानं डब्याला कान लावला, मान हलवली, आणि पेशंटच्या नातेवाइकांना सांगावं तशा आवाजात म्हणाला, 'हार्ड डिस्कचे दिवस भरत आलेत काका. ही नवी घ्या आणि जुनीतलं सगळं हिच्यात उतरवा.' मी म्हटलं तुम्हीच उतरवा की. तर म्हणे दुकानात आठवडाभराची कामं पडलीत, तोवर ही टिकेल याचा भरवसा नाही, तुम्ही घरीच करा… सोपं आहे. एक वायर दिली, एका चिठ्ठीवर काय काय करायचं ते लिहून दिलं, आणि निघताना दारातून म्हणाला, नवी जरा लहान आहे, तेव्हा आधी जुनीतला कचरा काढून टाका.

हा 'कचरा' शब्द लक्षात ठेवा, माझा घात त्यानं केलाय.

आता त्या डिस्कमध्ये होतं काय? मी पाणीपुरवठ्यात नकाशे काढायचो, त्या नळांचे नकाशे. आमच्या हिची शिवणकामाची मापं. मुलीच्या लग्नाचे नऊशे फोटो, त्यातल्या सातशे फोटोंत कोणीतरी जेवतंय. हे सगळं गेलं असतं तरी मी एक वेळ चहा पिऊन गप्प बसलो असतो. पण त्यात माझ्या आईचा आवाज होता हो. आईला जाऊन नऊ वर्षं झाली. कॅमेरा दिसला की ती तोंडावर पदर घ्यायची, त्यामुळे व्हिडिओ एकही नाही. एकदा मी नवा माईक जोडून बघत होतो, आई शेजारी भाजी निवडत बसली होती, तेव्हा झालेलं ते रेकॉर्डिंग. साडेतीन मिनिटं. सगळ्या जगात तिचा आवाज तेवढाच. आणि खरं सांगू? मी ते कधी पुरतं ऐकलेलंच नाही. ती 'हॅलो, हॅलो, हे ऐकतं का रे?' म्हणते आणि मला पुढे ऐकवत नाही, मी बंद करतो. पुढेपुढे तर उघडायचंही सोडलं. आहे ना, मग झालं.

पण सांभाळून ठेवायला नको? आमच्याकडे त्या कॉम्प्युटरवर कोणीही बसायचं. मुलीनं कॉलेजात असताना माझे तीन वॉर्डांचे नकाशे पुसून तिथं गाणी भरली होती. म्हणून मी अक्कल लढवली. म्हटलं, जिथं कुणी ढुंकून बघणार नाही अशा जागी ठेवावं. एक फोल्डर केला, त्यात आईचा आवाज ठेवला, आणि फोल्डरला नाव दिलं 'कचरा'.

हसू नका! त्या वेळी फार हुशारी वाटली होती.

रविवारी सकाळी आम्ही कामं वाटून घेतली. मी आंघोळ करून चिठ्ठी वाचायची, तोवर हिनं जुन्या डिस्कची साफसफाई करायची. मी बाहेर आलो तेव्हा हिचं काम संपलेलं. मी वायर लावली, जुनी कुठली नि नवी कुठली हे सात वेळा तपासलं, कारण उलटं झालं तर कोरी डिस्क भरलेलीवर उतरते म्हणे. पुढे दाबलं. परत पुढे. 'खात्री आहे का?' असं त्यानं विचारलं. आता खात्री मला कशाचीच नसते, तरी पुढे दाबलं. अकरा टक्के झाल्यावर मी सहज विचारलं, काय काय काढलंस गं? ही म्हणाली, 'विशेष काही नाही. तो तुमचा कचरा काढला आणि कॉम्प्युटरमधली कचरापेटीपण रिकामी केली.' घरातला केर काढला की डबा धुऊन पालथा घालायची सवय ना!

 हिला काही कळू न देता मी गॅलरीत जाऊन डॉक्टरला फोन लावला. म्हटलं, माझ्या एका ओळखीच्या माणसाचं असं असं झालंय. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, त्यांना म्हणावं, त्या जुन्या डिस्कचा काही नेम नाही, आता सोडून द्या. सोडून द्या! सोपं आहे!

जेवायला बसलो, घास उतरेना. स्क्रीनवर आधी 'पाच मिनिटं शिल्लक' लिहून आलं, मग 'चार तास', मग परत 'नऊ मिनिटं'. आत कट् कट् चालूच. हिनं दोनदा विचारलं बरं नाही का. शेवटी मला राहवेना, मी म्हटलं, 'अगं, त्या कचऱ्यात आई होती.'

हिनं हातातला डाव खाली ठेवला. 'आईंना तुम्ही कचऱ्यात ठेवलं होतं?'

'हरवू नये म्हणून गं…'

'तिथून मी त्यांना सहा वर्षांपूर्वीच बाहेर काढलंय,' ही म्हणाली. 'माझ्या मापांच्या शेजारी ठेवलंय. दुपारी शिवताना लावते मी कधी कधी.'

आता बोला! या दोघी वीस वर्षं ओला टॉवेल कुठे वाळत घालायचा यावरून भांडल्या, आणि ही दुपारी शिवताना तिला लावते! मला हसावं की रडावं कळेना, दोन्ही झालं. पण सुटका कुठली, डिस्क नव्याण्णव टक्क्यांवर अडून बसली. वीस मिनिटं! आत कट् झालं की आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो. हिनं माझा हात धरून ठेवला होता, लग्नात धरला होता त्याच्यापेक्षा घट्ट. आणि झाले एकदाचे शंभर.

हिनं नव्या डिस्कवरून ते रेकॉर्डिंग लावलं. 'हॅलो, हॅलो, हे ऐकतं का रे?' माझा हात सवयीनं बंद करायला गेला. ही म्हणाली, 'आज पुढे ऐका.'

पुढे मी वायर शोधायला आतल्या खोलीत गेलेलो, आणि ही तिथं आईजवळ येऊन बसलेली. आणि आई हळूच हिला म्हणते, 'गेला का तो? हे बघ, हे यंत्र तू शिकून घे. त्याच्यावर विसंबू नकोस. अवघड कामं करेल तो, पण सोपं काम त्याला जमत नाही. आणि जपायची वस्तू नको तिथं दडवायची खोड आहे. लहान असताना माझा चष्मा पिठाच्या डब्यात ठेवला होता यानं, हरवू नये म्हणून!' मग दोघी हसतात. साडेतीन मिनिटांतली दोन मिनिटं नुसत्या हसतात.

मी तिसऱ्यांदा लावलं तेव्हा डोळे पुसले. चौथ्यांदा लावलं तेव्हा अपमान जाणवला. हिनं तेवढ्यात ते मुलीला पाठवूनही दिलं. मुलीचा निरोप आला, 'बाबा, आजीचं बरोबर आहे.'

तर तुम्हाला सांगतो, नव्या डिस्कवर लग्नातले चाळीस फोटो उघडत नाहीत, एका वॉर्डाचे नळ गायब आहेत, पण माझ्याबद्दलचं मत मात्र आईकडून सुनेकडे, सुनेकडून नातीकडे जसंच्या तसं उतरलं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. ते खरंच सोपं होतं.