शंकरभाऊच्या छतावरची डिश

वहिनी, आणि रामाकोना-मोहगावाहून आलेल्या सगळ्या मंडळींनो,

तुम्ही बसून घ्या. मी उभाच बरा. बसलो तर माझ्यानं बोलणं व्हायचं नाही. शाळेत पोरांना इंग्रजी शिकवताना दिवसभर उभाच असतो मी. पाणी... नको, राहू द्या.

शंकरभाऊला जाऊन आज तेरा दिवस झाले. सौंसरात बिघडलेला रेडिओ म्हटला की शंकरभाऊ. तुम्ही सगळे त्याच्याबद्दल चांगलं बोलले. मला चांगलं बोलायचं नाही. मला कबूल करायचं आहे.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्यानं छतावर डिश उभी केली. आठवते? पांढुर्ण्याहून लोखंडी पट्ट्या वाकवून आणल्या, वरून खुराड्याची जाळी ताणली, नागपूरहून चित्र पकडणारं जुनं यंत्र आणलं. तुम्ही हसले. मीही हसलो. आणि मग एका दुपारी पडद्यावर ती बाई आली. कानावर फूल खोचून बातम्या वाचणारी. खालचं इंग्रजी मीच वाचलं. लुमाना नावाचा देश, दूर पूर्वेला, समुद्रात. तिथल्या एका कंपनीनं उपग्रहावरून टीव्ही सुरू केला होता, आणि तो दिसून राहिला होता आपल्या सौंसरात!

काय दिवस होते ते! अंगणात चपला ठेवायला जागा नसे. भाषा कोणाला येते? कोणालाच नाही. तरी शंकरभाऊ उभा राहून बातम्या सांगे. "बाई म्हणून राहिली, यंदा तिकडं मासळी लय निघाली." मी विचारलं, "भाऊ, तुला कसं कळते?" म्हणे, "भाषा नाही येत जी मास्तर, तिच्या तोंडावरून समजते." एकदा ती तीन दिवस दिसली नाही, तर आपल्या बायका काळजीत. "बिमार पडली असन वं बिचारी." चौथ्या दिवशी दिसली तेव्हा वहिनींनी सगळ्यांना चहा पाजला. पाजला ना वहिनी?

ती कंपनी आपल्या डोळ्यांदेखत वाढली. मोठी खोली आली, दुसरा बातम्यावाला आला, होड्यांच्या शर्यती, गाणी. शंकरभाऊ म्हणे, आपली कंपनी. मग, कोण जाणे काय झालं, गाणी बंद. शर्यती जुन्याच, पुन्हा पुन्हा. दुसरा बातम्यावाला गेला. बाई एकटी, रोज तोच एक झगा. एका दुपारी ती बोलता बोलता थांबली, तिनं मान खाली घातली. अंगणातले सगळे शंकरभाऊकडं पाहू लागले. शंकरभाऊनं सांगितलं, "उद्यापासून नवा कार्यक्रम हाय म्हणते."

दुसऱ्या दिवशी पडद्यावर नुसत्या मुंग्या.

तेव्हापासून तो रोज छतावर. डिश जराशी फिरवायची, वरून ओरडायचं, "आलं का जी मास्तर?" आणि अंगणात पडद्यापुढं मी. "नाही आलं!" जाळी त्यानं तीनदा खोलून बांधली. येणारे कमी झाले. काही जण भंगारवाला म्हणू लागले. कोण म्हणाले ते मी सांगत नाही, ते इथंच बसले आहेत. त्याचं उत्तर एकच. "खोट माह्याच डिशमध्ये हाय."

आता ऐका. कार्यक्रम चालू होते तेव्हाच, त्याच्या सांगण्यावरून, पडद्यावर दिसलेल्या पत्त्यावर मी त्या कंपनीला इंग्रजीत पत्र टाकलं होतं, बाईचा फोटो पाठवा म्हणून. उत्तर शाळेच्या पत्त्यावर आलं. मुंग्या सुरू होऊन महिना झाला होता. लिहिलं होतं, कंपनी बुडाली, प्रक्षेपण कायमचं थांबवलं. तुमच्या बाजूनं आलेलं हे एकच पत्र. आमचं चित्र इतक्या दूर दिसते हे आम्हालाच माहीत नव्हतं.

पत्र खिशात घेऊन मी तडक त्याच्या घरी गेलो. तो वर होता. मला पाहून ओरडला, "आलं का जी मास्तर?"

आणि मी म्हणालो, "नाही आलं."

वाटलं, उद्या सांगू. उद्याचे पाच महिने झाले. वहिनी मला म्हणत, "मास्तर, तुमीच समजवा न त्याईले." मी मान हलवायचो. काहून नाही सांगितलं मी? त्याचं मन मोडेल म्हणून? तेही होतं. पण खरं सांगू? त्या हाकेची मला सवय झाली होती. शाळा सुटली की माझी वाट पाहणारं दुसरं कोणी नव्हतं. माझ्या त्या सुखापायी हा माणूस पाच महिने उन्हात चढत राहिला.

छातीत कळ येऊन तो खाटेवर पडला, तेव्हाही माझा हात धरून म्हणाला, "जाळी अजून एक बोट वाकवाले पाह्यजे होती." पत्र माझ्या खिशात होतं. तेव्हाही मी बोललो नाही. भित्रा आहे मी.

हे ते पत्र, वहिनी. घ्या. तुम्ही मला अंगणात पाय ठेवू दिला नाही तरी माझी तक्रार नाही.

आता दोन मिनिटं आपण उभं राहू. त्याच्या अंगणात आपण फार ओरडलो, आता गप्प राहू. त्याआधी मला एकदाच, जे पाच महिन्यांपूर्वी ओरडायचं होतं ते म्हणू द्या.

शंकरभाऊ, खाली उतर. तुझी डिश चांगली होती.