पडद्यामागचं गाजर

...नाही, पण मला एक सांगा, एवढंसं म्हणजे नक्की केवढं? कारण आमच्या अडीच वर्षांच्या पोरीच्या तोंडात जे जे जातं ते सगळं एवढंसंच असतं! अर्धं बिस्कीट, एवढंसं. बोटभर जॅम, एवढासा. दुधातली साखर... ती तर काय, दिसतच नाही! आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून बघितलं तर पुढचे दोन दात कडेने काळे. म्हणाल्या, गोड थांबलं नाही तर हिला भूल देऊन दात काढावे लागतील. भूल! या चिमुरडीला!

घरी आलो आणि सगळ्यांना समोर बसवलं. सगळे म्हणजे माझी बायको, माझे वडील आणि दुपारी पोरीला सांभाळायला येणाऱ्या माझ्या सासूबाई. म्हटलं, आजपासून गोड बंद. बायको माझ्या बाजूने. वडिलांनी मान डोलावली, सासूबाईंनी तर डोळेच पुसले. आणि मग दोघं... जन्मात कधी एकमेकांशी पटलं नाही हो त्यांचं, पण दोघं एका सुरात म्हणतात कसे, ‘बरोबर आहे तुझं. पण एवढ्याशाने काय होतंय?’

आता मी धंद्याने पडदेवाला. लोकांकडे पडदे शिवून लावतो, तसा हौसेने आमच्याही खोलीत लावला, जाड अस्तराचा, पार जमिनीला टेकणारा. झक मारली आणि लावला! एकदा कामावरून लवकर आलो तर पडदा पोट सुटल्यासारखा फुगलेला. सरकवला, तर आत वडील, पोरगी आणि बिस्कीट. म्हणे, ‘हिला खिडकीतून रस्ता दाखवत होतो.’ दुसऱ्या दिवशी परत फुगलेला! या वेळी सासूबाई. त्या म्हणे अस्तर बघत होत्या. जॅमच्या चमच्याने? विचारलं, तर... एवढ्याशाने काय होतंय!

आणि इकडे टेबलावर मी उकडलेलं गाजर घेऊन विमान उडवतोय, माकड होतोय, पण ही ओठ घट्ट मिटून बसलेली. शेवटी खुर्चीवरून उतरली, माझं बोट धरलं, ओढत ओढत नेलं ते थेट पडद्यामागे. आणि तिथे उघडलं की हो तोंड! गाजर खाल्लं, वर आणखी मागितलं. अहो, तिच्या हिशेबाने टेबल म्हणजे बोलणी खायची जागा, जेवायचं ते पडद्यामागे!

गाजर दिलं तरी पोरगी गळ्यात पडते म्हटल्यावर दोन्ही म्हातारे फिरले. वडील खिशात गाजर बाळगायला लागले, सासूबाई मटार. परवा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काळं पुढे सरकलेलं नाही, दात काढायची गरज नाही. इतका हलका झालो मी, की दवाखान्यातच डोळ्यांत पाणी आलं.

पण जेवण अजून पडद्यामागेच बरं का! काल मी वाटी घेऊन आत उकिडवा बसलोय, पायाला मुंग्या आल्यात, तेवढ्यात दार वाजलं. पोरीने पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला आणि कुजबुजली, ‘शू... बाबा येतील.’

काय करता? बसलो श्वास रोखून. फार कडक आहेत हो आमच्याकडचे बाबा!