चढायची भिंत

— बसा हो, बसा, या बाकावर दुसरं कुणी बसत नाही, म्हणून तर मी बसतो. आत्ता त्या लाल स्वेटरवालीबरोबर गेली ती तुमचीच ना? अ‍ॅनिका. छान नाव आहे. मग पाऊण तास तुम्ही मोकळे. कॉलेज दाखवताना आमची मुलं बापांना बरोबर घेत नाहीत — बाप नळ उघडून बघतात. मी टोफ्टे. अर्लिंग टोफ्टे, इथला अध्यक्ष — नाही नाही, उठू नका, तीन आठवडे राहिलेत माझे, तेवढ्यासाठी काय उठायचं! चोवीस वर्षं झाली. घ्या, कॉफी घ्या, मी अजून तोंड लावलेलं नाही.

प्रगती म्हणाल तर पुष्कळ झाली. मी आलो तेव्हा हे नुसतं कॉलेज होतं, आता विद्यापीठ आहे. काय बदललं? पाटी बदलली. आणि ती काचेची इमारत दिसते ना, तिच्यात चढायची भिंत आहे — चाळीस फूट, खोटे दगड लावलेली, कमरेला दोर बांधून चढायची. शिकागोहून एक सल्लागार आला होता, तो म्हणाला, हल्ली मुलं भिंत बघून कॉलेज निवडतात. आता तुम्ही आयोवाचेच, तुम्हीच सांगा, या अख्ख्या जिल्ह्यात चढण्यासारखं काही आहे का? मक्याची कोठारं सोडून? पण बांधली. भिंतीपायी जर्मन बंद केलं, मग ग्रीक, मग तत्त्वज्ञान. तत्त्वज्ञानाला बर्गस्ट्रॉम होते, एकतीस वर्षं शिकवलं त्यांनी. त्यांना मी स्वतः बोलावलं, लिंबाची वडी पुढे केली आणि नोकरी संपल्याचं सांगितलं. वडी त्यांनी खाल्ली नाही. कागदी रुमालात गुंडाळून नेली — बायकोला आवडते म्हणाले. भिंतीवर मीही एकदा चढलो, फोटोपुरता. खाली उतरवायला दोघं लागले.

मुलीला काय शिकायचंय? जीवशास्त्र? वा, जीवशास्त्राला आमच्याकडे दोन प्राध्यापक आहेत. म्हणजे एक. दुसऱ्या बाई मार्चमध्ये नोकरी सोडून गेल्या. आणि दुसरीकडे कुठे प्रवेश मिळालाय तिला — सरकारी विद्यापीठात? मोठं आहे हो ते, तिथं तिला नावानं कोण ओळखणार! इथं मी प्रत्येक पोराला नावानं ओळखतो. पूर्वी अवघड जायचं, आता सहज जमतं. तर आज एक मे, संध्याकाळपर्यंत हो की नाही कळवायचं, आणि तिला इथंच यायचंय, बरोबर? भिंत आवडली असणार. बघा, सल्लागार काही अगदीच खोटा नव्हता.

हं? माझ्या जागी कोण येणार?

काय हो, सगळ्या गावानं माझ्या निरोपाची पत्रिका वाचली, प्राध्यापकांनी वर्गणी काढून मला खुर्ची दिली, काळी, लाकडी, पाठीवर आमचं बोधचिन्ह — आणि हे एकानंही विचारलं नाही. तुम्ही काय करता म्हणालात? शाळेची बस चालवता. हां. तरीच.

कुणी नाही येणार. शोधलंच नाही कुणाला. पदवीदान झालं की दुसऱ्या सोमवारी विश्वस्त सह्या करणार. पत्र मीच लिहिलंय, हे इथं खिशात आहे. पहिल्या मसुद्यात ‘बंद’ असं लिहिलं होतं, वकील म्हणाला ‘संक्रमण’ लिहा. लिहिलं. म्हणजे ऑगस्टमध्ये तुमची अ‍ॅनिका पेट्या घेऊन आली, तर दाराला कुलूप असेल. अन् तोवर सरकारीतली जागाही गेलेली. घ्या! हे मी माझ्या बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही, आणि तुमचं मला आडनावही माहीत नाही.

आणि हे होतं कसं, ते मी पाहिलंय हो. दोन वर्षांपूर्वी नदीपलीकडचं कॉलेज असंच बसलं — एप्रिलमध्ये, परीक्षेच्या तोंडावर. पोरं गाद्या टपावर बांधून आमच्याकडे आली. आम्ही घेतली. वार्षिक अहवालात मी छापलं, दशकातली सर्वोत्तम वाढ! टाळ्या पडल्या. त्यातली एक पोरगी, टेसा, गाडीतून उतरली ती सरळ माझ्यापुढे. सामानसुद्धा उतरवलं नव्हतं. म्हणाली, सर, हे तरी बंद नाही ना पडणार? मी म्हटलं, मी असेपर्यंत तरी नाही, पोरी. आणि बघा ना, शब्द पाळला मी. मी गेल्यावरच कुलूप लागणार. लाज वाटते हो. रोज सकाळी दाढी करताना वाटते.

तीच ती लाल स्वेटरवाली. अजून एक वर्ष राहिलंय तिचं. येणाऱ्यांना कॉलेज ती दाखवते, उलटी चालत — पाहुण्यांकडे पाठ करायची नाही, ही आमची रीत, मीच घालून दिलेली. मन लावून दाखवते. तुमच्या मुलीला पटवलं असेल ना, ते तिनंच.

नाही. नाही सांगितलं तिला. कसं सांगू?

त्या आल्याच बघा. उठा तुम्ही, गाडी काढा. फोन करा आधी, सरकारीला हो म्हणा, जेवण मागाहून. अ‍ॅनिका रडेल, रडू दे. म्हातारा चळलाय म्हणून सांगा, काहीही सांगा, पण इथं कशावर सही करू देऊ नका. जा.

टेसा! जपून गं, मागे पायरी आहे!

हां. झालं दाखवून? हे निघालेत, जाऊ दे त्यांना. नाही, पुढची मंडळी थांबतील. तू थांब. इकडे ये — अशी नको, सरळ चाल. बस इथं.