दोन देशांचा इद्रिस

१८८८ सालचा मार्च. वेल्समधल्या रेक्सॅमच्या स्टेशनावर आम्ही गाडीची वाट पाहत होतो. शेजारच्या बाकावर आमच्या गावचा फुटबॉलपटू इद्रिस आणि त्याची आई.

“आई, आज मी वेल्सकडून खेळतोय. आता तरी हस.”

“गेल्या वर्षी इंग्लंडकडून खेळून आमच्यावरच गोल मारलास, तेव्हाही हेच म्हणालास!”

“त्यांनी आधी बोलावलं. जन्म सीमेपलीकडे झाला, तो काय मी ठरवला?”

“नाही रे बाबा, माझंच चुकलं. बहिणीकडे बाळंतपणाला गेले. आता इंग्लंडने संघातून काढलं, तेव्हा वेल्स आठवला वाटतं?”

“आपल्या वेल्सचा गोलकीपर अजून एलिसच आहे. वर्षभर माझ्याशी एक शब्द बोलला नाही.”

“सख्ख्या भावाच्या पायांमधून चेंडू घातलास, मग काय तुझे मुके घेईल? तो बघ, पलीकडे एकटाच बसलाय. जा.”

इद्रिस उठून गेला. एलिसने मान वर केली नाही.

“बसू का?”

एलिसने बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

“बस. आज कुठल्या गोलात मारायचा, ते विचारून आलायस ना?”